मागच्या बाकावरचे प्रशिक्षण

तालुक्याच्या गावी प्रशिक्षण असले, की आम्ही चौघे सर्वांत मागच्या बाकावर बसतो. कुणी बसवलेले नसते, आपोआप बसतो. मागे बसले की कुजबुजता येते, आणि कुजबुजल्याशिवाय आमचे प्रशिक्षण होत नाही. पुढे तज्ज्ञ मार्गदर्शक फळ्यावर लिहितात, ‘संबोध’, ‘अध्ययन निष्पत्ती’, ‘आकारिक मूल्यमापन’. मागे आमच्या मराठीच्या बाजी हळूच सांगतात, ‘‘आकारिक म्हणजे तशकीली. आपली तशकीली जांच.’’ विज्ञानाचे सर मान हलवतात. गणिताच्या बाजी वहीत उजवीकडून डावीकडे लिहून घेतात. तेवढ्यात पुढून आवाज येतो, ‘‘मागचे उर्दूवाले, काही शंका आहे का?’’ आम्ही म्हणतो, ‘‘नाही सर.’’

कोकणातल्या खाडीकाठच्या एका उर्दू हायस्कुलात आम्ही शिकवतो. पाचवी ते दहावी. चौघेही बी.एड., चौघेही तिशीतले. २०१२ साली शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा महिना ८००० रुपये मानधन होते आणि तीन वर्षे तेच राहिले. लिहायला एकच हात लागतो, पण जे लिहायचे आहे ते चौघांचे आहे. म्हणून इथे ‘आम्ही’ असे लिहिले आहे. वाचकांनी त्यात मोठेपणा शोधू नये.

आमच्या घरात कोकणी बोलतात, शाळेत उर्दू, आणि बाजारात, कचेरीत, एसटीत मराठी. तेव्हा मराठी आम्हाला परकी आहे असे कुणी समजू नये. परकी असती तर हा मजकूर या अंकात आला नसता. पण बाजारची मराठी आणि प्रशिक्षणाची मराठी यांत खाडीएवढे अंतर आहे. मराठी शाळांतल्या शिक्षकांनाही ते जाणवते, फक्त त्यांना तसे कबूल करायला संकोच वाटतो. आम्ही निदान कुजबुजून मोकळे होतो.

२०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि ‘ज्ञानरचनावाद’ हा शब्द गावोगावी पोहोचला. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटच्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. फरशीवर रंगवलेले तक्ते, खडे, चिंचोके, काड्यांचे गठ्ठे. आम्हीही व्हरांड्यात ऑईलपेंटने अलिफ-बे रंगवले आणि शंभरापर्यंतचे आकडे रंगवले. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ज्ञानरचनावादावर आम्ही भरपूर ऐकले. परतताना एसटीत मराठीच्या बाजी एकदम म्हणाल्या, ‘‘अरे, ही तर तामीरियत आहे!’’ तामीरियत आम्हाला बी.एड.ला होती. तिच्यावर आम्ही प्रश्नाची उत्तरे लिहिली होती, मार्कही मिळवले होते. दोन दिवस समोर बसून आम्ही आमच्याच ओळखीच्या माणसाला ओळखले नव्हते. त्याने दुसरा सदरा घातला होता, एवढेच.

शिक्षकाने नोकरीत लागल्यावरही शिकत राहावे हा विचार नवा नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली दिलेल्या अहवालात म्हटले होते, की प्रत्येक शिक्षकाला दर पाच वर्षांत दोन-तीन महिन्यांचे सेवांतर्गत शिक्षण मिळावे. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यात ‘डाएट’ उभ्या राहिल्या. २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने त्याखाली तालुक्याचे गट साधन केंद्र आणि दहा-पंधरा शाळांचे समूह साधन केंद्र जोडले. वर पुण्याची राज्य परिषद, मग डाएट, मग तालुका, मग केंद्र, आणि शेवटी वर्गातला मास्तर. अभियानाच्या सुरुवातीच्या निकषांत वर्षाला २० दिवसांचे प्रशिक्षण आणि दर शिक्षकामागे दिवसाला ७० रुपये धरलेले होते. माध्यमिकसाठी २००९ साली वेगळे अभियान आले, आणि २०१८ मध्ये दोन्ही ‘समग्र शिक्षा’त विलीन झाली.

कागदावर ही मांडणी उत्तम आहे. आमच्या वाडीत पाटाचे पाणी असेच येते. वरच्या धरणीपासून शेवटच्या माडाच्या आळ्यापर्यंत पाट काढलेला असतो आणि प्रत्येक वळणावर थोडे जिरते, थोडे फुटते. राज्यात पाच दिवस जे सांगितले ते जिल्ह्यात तीन दिवसांचे होते, तालुक्यात दोन दिवसांचे, आणि केंद्रावर पोहोचेपर्यंत एक दुपार. ज्याने शिकवायचे तो स्वतः मागच्याच आठवड्यात शिकून आलेला असतो. शंका विचारली तर तो वहीत बघतो. त्याचा काय दोष? त्याच्याही वहीत तेवढेच आहे.

आमचे आळे पाटाच्या अगदी शेवटी. बालभारती आठ भाषांत पुस्तके काढते, उर्दूचे पुस्तक शाळा उघडताना मुलांच्या हातात असते, आणि ती गोष्ट लहान नाही. पण ते पुस्तक शिकवायचे कसे, याची घडीपुस्तिका बहुतेक वेळा मराठीत मिळे. एकदा उर्दू पुस्तिका आली, प्रशिक्षण संपून पाच महिने झाल्यावर. गठ्ठा सुतळीने बांधलेला होता. आम्ही तो सोडला, वाचला, आणि तेव्हा कळले की आमच्या बाजींनी मागच्या बाकावर केलेले भाषांतर छापलेल्या भाषांतरापेक्षा बरे होते. हे त्यांच्या तोंडावर सांगितले नाही. एकदा सांगितले असते तर पुढचे प्रत्येक प्रशिक्षण त्यांनी उभे राहून घेतले असते.

रमजानमधले एक प्रशिक्षणही आठवते. दुपारी जेवणाच्या रकान्यात सही मागितली. आम्ही म्हटले, रोजा आहे. लिपिक म्हणाले, ‘‘सही करा हो, जेवलात असे समजून. हिशेब जुळला पाहिजे.’’ आम्ही न जेवलेल्या जेवणाच्या सह्या केल्या आणि वरच्या वर्गात जोहरची नमाज पढायला गेलो. गुलाबजाम होते म्हणे त्या दिवशी.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगतो.

२०१६ साली दोन दिवसांचे गणित प्रशिक्षण होते. येताना प्रत्येकाने पाच मुलांच्या उत्तरपत्रिका आणायच्या होत्या. विषय होता ‘चुकांचे विश्लेषण’. एक तक्ता मिळाला. चूक संबोधाची, चूक प्रक्रियेची, की निष्काळजीपणाची, यांपैकी एका रकान्यात बरोबरची खूण करायची. गटाला वीस मिनिटे. आमच्या गणिताच्या बाजींनी सहावीतल्या एका मुलीचा कागद आणला होता. पूर्णांक संख्यांची दहा उदाहरणे. बेरजा सगळ्या बरोबर, वजाबाक्या सगळ्या चूक. प्रत्येकीवर लाल फुली आणि खाली लिहिलेले, ‘मेहनत करो’. वीस मिनिटे संपत आली होती. आम्ही निष्काळजीपणाच्या रकान्यात खूण केली आणि तक्ता देऊन टाकला.

परतीच्या एसटीत तो कागद पुन्हा बाहेर निघाला, कारण करायला दुसरे काही नव्हते. ८ − ३, उत्तर −५. ३ − ८, उत्तर ५. २ − ६, उत्तर ४. मराठीच्या बाजींना गणिताचा कंटाळा आहे. कदाचित त्यामुळेच त्यांना ते दिसले. त्या म्हणाल्या, ‘‘निष्काळजी मुलीने दोन्हीकडे पाचच लिहिले असते. मोठ्यातून लहान वजा करून मोकळी झाली असती. हिने आठातून तीन गेले तर उणे पाच लिहिले आहे. उणे कुठून आणले तिने?’’ विज्ञानाच्या सरांनी कागद घेतला आणि बोट उजवीकडून ठेवले. तीन वजा आठ. उणे पाच. बरोबर. आठ वजा तीन. पाच. बरोबर. सहा वजा दोन. चार. बरोबर.

ती मुलगी गणित उजवीकडून वाचत होती.

उर्दू पुस्तकात वाक्य उजवीकडून डावीकडे जाते, आणि वाक्याच्या मधोमध उदाहरण आले की ते डावीकडून उजवीकडे वाचायचे असते. मोठ्यांचे डोळे आपोआप वळतात. आमचे कधी वळायला लागले ते आम्हाला आठवतही नाही, म्हणून ते मुलांना सांगावे लागते हेही कधी सुचले नाही. बेरजेत आणि गुणाकारात चूक उघडी पडत नाही, कारण कुठूनही वाचा, उत्तर तेच. पाचवीपर्यंतच्या वजाबाकीत मूल मोठ्यातून लहान वजा करून निभावून नेते. सहावीत उणे संख्या आल्या आणि ही लपलेली गोष्ट वर आली. कागदावरच्या एकाही चुकीत चूक नव्हती. दहा मिनिटे एसटीत कुणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या बाजींनी तिला जवळ बोलावले आणि उदाहरण मोठ्याने वाचायला सांगितले. तिने उजवीकडच्या आकड्यावर बोट ठेवले आणि वाचले, ‘‘तीन मनफी आठ.’’ बाजी म्हणाल्या, ‘‘बेटा, यहां से नहीं, वहां से पढो.’’ ती म्हणाली, ‘‘बाजी, सब कुछ तो यहीं से पढते हैं.’’

त्या मुलीचे नाव वर्षभर ‘अप्रगत’च्या यादीत होते. तिच्या आईने शाळेत येऊन सांगितले होते, की हिच्या डोक्यात हिसाब जात नाही, आठवी झाली की शिवणकामाला घालते. आणि आम्ही, बी.एड. झालेले, प्रशिक्षण घेतलेले, त्या माऊलीपुढे मान हलवली होती. हे आम्हाला अजून खुपते. बाजींनी मग सहावीच्या एकतीस मुलांना एकेकटे वाचायला लावले. आणखी चार निघाली. त्याआधीच्या वर्षांत किती होऊन गेली ते शोधायला आम्ही जुने पेपर काढायला गेलो. कपाट रिकामे होते. गठ्ठे रद्दीत गेले होते.

यातून प्रशिक्षण निरुपयोगी असते असा अर्थ कुणी काढील, तर तो चुकीचा. कागद आणायला त्यांनी सांगितले म्हणून तो पिशवीत होता. चुकीला कारण असते, ती ओरखडा नसते, हा विचारही त्यांचाच. पण विचार द्यायला सभागृहात वीस मिनिटे होती आणि तो विचार रुजायला एसटीचा दीड तास लागला. सभागृहाची हजेरी लागते, भत्ता मिळतो, प्रमाणपत्र मिळते. एसटीच्या दीड तासाचे तिकीट तेवढे मिळाले.

आम्ही ही गोष्ट केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडायचे ठरवले. महिन्यातून एकदा सगळ्या शाळांचे शिक्षक जमतात, तिला हल्ली शिक्षण परिषद म्हणतात. आमचे नाव शेवटी होते. त्याआधी सूचना झाल्या, कुठल्या माहितीची लिंक कुठल्या तारखेपर्यंत भरायची ते झाले, सत्कार झाले, फोटो झाले. मग पाच मिनिटे मिळाली. बाजींनी फळ्यावर उदाहरण लिहिले आणि उजवीकडून वाचून दाखवले. लोक हसले. वाईट मनाने नव्हे, गंमत वाटली म्हणून. ‘‘उर्दूचा प्रॉब्लेम आहे, आपल्याकडे येत नाही,’’ असे कुणीतरी म्हणाले आणि चहा आला.

चहाच्या वेळी एक गुरुजी आमच्याकडे आले. ते कातकरी वाडीवरच्या शाळेत शिकवतात. पन्नाशीचे, मितभाषी. म्हणाले, ‘‘बाजी, तुमचे उजवे-डावे आहे. माझ्या पोरांचे घरचे बोलणेच निराळे, पुस्तकातली मराठी निराळी. आणि ती पोरे मराठी माध्यमाची म्हणून मोजतात. मला तर कुणी मागचा बाकही देत नाही.’’ त्या दिवसानंतर ते आमच्याबरोबर मागे बसतात. बाजी आम्हाला उर्दूत सांगतात ते त्यांनाही निम्मे कळते. जे कळत नाही ते विचारतात, आणि त्यांच्या विचारण्याने आमचे पक्के होते.

आता आमचेही थोडे सांगायला हवे. भाषा हे आमचे दुखणे होते, तसा तो आमचा आडोसाही होता. ‘मराठीत होते, नीट समजले नाही’ असे म्हटले की पुढे काही करायचे राहत नसे. मुख्याध्यापक साहेब गप्प बसत, केंद्रप्रमुख गप्प बसत. पाच-सहा वर्षे आम्ही हा आडोसा वापरला. मग ऑनलाईन युग आले आणि तोही गेला. २०१७ पासून ‘दीक्षा’ होती, २०१९ मध्ये ‘निष्ठा’ सुरू झाले, आणि कोरोनामुळे २०२०च्या ऑक्टोबरपासून ते मोबाईलवर आले. अठरा घटक, प्रत्येकाला व्हिडिओ, शेवटी प्रश्न. आता रोज घरी बसून, हव्या त्या वेळी शिकता येणार होते. आम्ही काय केले? व्हिडिओ चालू करून फोन फ्रिजवर ठेवला आणि भाकऱ्या थापल्या. शेवटच्या प्रश्नांची उत्तरे ग्रुपवर आली होती, ती भरली. प्रमाणपत्र डाऊनलोड केले आणि ते स्टेटसला लावले. सगळ्यांनी मुबारकबाद दिली. त्या प्रमाणपत्रांची फाईल आजही शाळेत आहे. त्यातल्या किती घटकांवर आम्ही दोन वाक्ये बोलू शकू, हे कुणी न विचारलेले बरे.

असे का झाले, तर आळस हे एक कारण आहे आणि ते झाकायचे नाही. दुसरे कारण असे, की व्हिडिओला कुजबुजता येत नाही. मागचा बाक गेला. प्रत्येकजण आपल्या फोनसमोर एकटा. २०२०च्या राष्ट्रीय धोरणात आता शिक्षकाने वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. पन्नास तास फार नाहीत. पण तास मोजायचे म्हटले की मोजता येतील असेच तास भरले जातात.

उर्दू माध्यमाच्या शिक्षकांसाठी कुणीच काही केले नाही, असेही नाही. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ, दिल्लीची जामिया आणि अलीगढ इथे २००६च्या सुमारास खास उर्दू शिक्षकांच्या व्यावसायिक विकासासाठी केंद्रे सुरू झाली. अशाच एका आठवड्याच्या शिबिराला आमचे विज्ञानाचे सर जाऊन आले. परत आले ते वेगळेच होऊन. म्हणाले, ‘‘आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या बाकावर बसलो.’’ सात दिवस कुणी भाषांतर केले नाही, शंका आली की हात वर केला, आणि एकदा तर तज्ज्ञांशी वादही घातला. तिथली उदाहरणे एनसीईआरटीच्या पुस्तकातली होती आणि आमची पुस्तके बालभारतीची, एवढी खोट सोडली तर त्यांना तिथून यावेसे वाटत नव्हते. पण नऊ शिक्षकांच्या शाळेतून एकाला आठवडाभर सोडणे म्हणजे उरलेल्या आठांनी त्याचे तास वाटून घेणे. सर गेले त्या आठवड्यात नववीला विज्ञान कुणी शिकवले असेल? मराठीच्या बाजींनी. त्यानंतर दुसऱ्या कुणाचे नाव निघाले नाही.

इथे आमचे काही ज्येष्ठ मराठी लेखक म्हणतील, की मुळात उर्दू माध्यमच कशाला? मुलांना मराठी शाळेत घाला, प्रश्न मिटला. तो वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंनी वजनदार आहे. आमच्यातही त्यावर दोन मते आहेत आणि एसटीत त्यावरून आवाज चढतात. पण वर्गात एकतीस मुले येऊन बसलेली असतात. वाद संपेपर्यंत त्यांना थांबा म्हणता येत नाही. आणि कातकरी वाडीवरच्या गुरुजींची मुले मराठी शाळेतच आहेत.

बारा वर्षे नोकरी झाली, की वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, पण त्यासाठी प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. आमची बारा वर्षे २०२४ मध्ये भरली. २०२५च्या जूनमध्ये आम्ही २००० रुपये शुल्क भरून त्या प्रशिक्षणाला गेलो. मध्येच बकरी ईद आली. पगाराचा प्रश्न असल्यामुळे सभागृह भरलेले होते. पगारवाढीसाठी का होईना, आम्ही पुन्हा माणसांसमोर बसलो होतो, आणि खरे सांगतो, बरे वाटले. तिथल्या एका मार्गदर्शक बाईंनी जेवणाच्या सुटीत आम्हाला विचारले, ‘‘तुम्ही मागे सतत काय बोलता?’’ आम्ही घाबरत सांगितले. बाईंनी आपली वही काढली. अंश म्हणजे शुमार कुनिंदा, छेद म्हणजे नसब नुमा, समीकरण म्हणजे मसावात, हे देवनागरीत लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी तास सुरू करताना त्या म्हणाल्या, ‘‘आज आपण निदान पाहू. उर्दूत तशखीस.’’ उच्चार चुकला होता. तरी मागचा बाक पहिल्यांदा गप्प बसून ऐकत होता.

त्या प्रशिक्षणात प्रत्येकाने एक कृतिसंशोधन लिहून द्यायचे होते. गणिताच्या बाजींनी त्या मुलीचा कागद दिला. तो त्यांनी नऊ वर्षे जपून ठेवला आहे. म्हणजे मूळ कागद दिला नाही, झेरॉक्स दिली. मूळ कागद आमच्या कच्च्या वहीत चिकटवलेला आहे.

या वहीबद्दल सांगायचे राहिले. २०१६च्या त्या प्रसंगानंतर आम्ही जुम्म्याला बसायला लागलो. जुम्म्याला आमची शाळा सकाळची असते. नमाज झाली, जेवणे झाली, की तीनला प्रयोगशाळेत यायचे. कोणी बोलावत नाही, हजेरी नाही, भत्ता नाही, चहा आळीपाळीने घरून. प्रत्येकाने एका मुलाचा एक कागद आणायचा, बस. बाकीच्यांनी त्यावर बोलायचे. जी गोष्ट समजली ती वहीत. शब्दही वहीत: उर्दू, मराठी, इंग्रजी, आणि मूल घरी कोकणीत काय म्हणते ते. ‘जाविया’ हा शब्द आमच्या मुलांना कोन म्हणून कधी उमगला नव्हता. ज्या दिवशी ‘कोपरा’ म्हटले त्या दिवशी उमगला, आणि मग मोठ्या कोपऱ्याच्या बाजू लांब असतात असाही समज झाला, तो काढायला तीन आठवडे गेले. हेही वहीत आहे. मध्ये वर्ष-दीड वर्ष वही बंद होती; कोरोना, मग एकाचे आजारपण, मग नुसताच कंटाळा. ते वहीत नाही.

ती मुलगी दहावी पास झाली. गणितात एक्केचाळीस. फार नाहीत. शिवणकामही शिकली, कारण तिला ते आवडत होते.

गेल्या सप्टेंबरपासून जुम्म्याला एक नव्या बाजी येऊ लागल्या आहेत. खाडीपलीकडच्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत त्या पहिली-दुसरीला शिकवतात. वीस वर्षे नोकरी झाली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्यांची सेवा पाच वर्षांहून अधिक उरली आहे त्या आठवीपर्यंतच्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे, त्यामुळे आम्ही तूर्त काठावर उभे आहोत. त्या बाजी मात्र पाण्यात आहेत. वीस वर्षांत घेतलेल्या प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे त्यांच्याकडे पिशवीभर आहेत आणि त्यांतले एकही इथे चालत नाही. रात्री धाकट्या मुलाच्या टेबलावर, त्याच्याच दिव्याखाली, त्या गाईड उघडून बसतात. मुलगा म्हणतो, ‘‘अम्मी, आवाज मत करो, मेरी एग्जाम है.’’

पहिल्या दिवशी त्या फक्त टीईटीची उदाहरणे विचारायला आल्या होत्या. शेकडेवारी, वेळ-काम-वेग. आम्ही सांगितले. निघता निघता त्यांनी वही चाळली आणि त्या कागदावर थांबल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘हे सहावीत कळून काय उपयोग? हे माझ्याकडे पहिलीत धरायला पाहिजे.’’ मुले १२ लिहिताना आधी दोन लिहितात आणि मग डावीकडे एक, हे त्या वीस वर्षे बघत होत्या. आकडा शेवटी बरोबर दिसतो, म्हणून त्यांनी कधी टोकले नव्हते. आता त्या मुलांच्या हाताकडे बघतात, नुसत्या आकड्याकडे नाही. दर जुम्म्याला पहिलीच्या पाट्यांचे मोबाईलवर घेतलेले व्हिडिओ आणतात. त्यात पाटी कमी आणि बोटे जास्त दिसतात. आम्ही त्यांची शेकडेवारी घेतो, त्या आम्हाला बोटे दाखवतात.

परवाच्या जुम्म्याला कातकरी वाडीवरचे गुरुजीही होते. पाच वाजत आले तसे त्या बाजी उठल्या, कारण त्यांची शेवटची होडी साडेपाचला सुटते. जाताना म्हणाल्या, वही आठवडाभर मला द्या, आमच्या केंद्रातल्या दोघी-तिघींना दाखवायची आहे. गणिताच्या बाजींनी थोडे आढेवेढे घेतले. मग वही प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घातली, कारण होडीत पाणी उडते, आणि पुढच्या जुम्म्याला परत हवी असे तीन वेळा बजावून दिली.